मूर्खपणा आणि 'ढ' : दोन शब्द, दोन दृष्टी



शब्दसिद्धी आणि व्युत्पत्ती यांचा परिचय आपण मागील घटकांत करून घेतला. प्रत्यय कसे लागतात, विशेषणे विकारी केव्हा आणि अविकारी केव्हा, तत्सम, तद्भव आणि देशी शब्द कसे ओळखावेत, हे आपण पाहिले. त्याच ज्ञानाचा उपयोग एका नित्याच्या, काहीशा बोचऱ्या शब्दसमूहावर करून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे. हा शब्दसमूह म्हणजे अक्कल कमी असल्याचे सांगणारे शब्द : मूर्ख, मूढ, वेडा, खुळा, बावळट आणि 'ढ'. माझे प्रतिपादन आरंभीच सांगतो. मराठीत मूर्खपणा हे आचरणाचे नाव आहे, तर 'ढ' हा माणसावर मारलेला शिक्का आहे. या दोहोंतील भेद व्याकरणात स्पष्ट दिसतो. 'ढ' शब्दाची जी व्युत्पत्ती शाळाशाळांतून सांगितली जाते, ती परीक्षेला टिकत नाही, आणि म्हणून तिच्या आधारावर उभा असलेला शिक्काही टिकू नये.

१. मूर्ख, मूढ आणि बावळा

प्रथम 'मूर्ख' हा तत्सम शब्द घेऊ. संस्कृत कोशकार त्याचा संबंध 'मूर्छ्' या धातूशी जोडतात. या धातूचा मूळ अर्थ गोठणे, घट्ट होणे. 'मूर्त' आणि 'मूर्च्छा' हे शब्दही याच कुळातले. ज्याची बुद्धी वाहती न राहता थिजली तो मूर्ख, असे चित्र या शब्दाच्या मुळाशी आहे. थिजलेले तूप ऊब मिळताच पातळ होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या शब्दात कायमपणाची कल्पना नाही, हेही उमगते.

'मूढ' शब्दाची कथा याहून मनोरंजक आहे. 'मुह्' या धातूला भूतकालवाचक 'त' प्रत्यय लागला की पाणिनीच्या अष्टाध्यायीनुसार दोन रूपे विकल्पाने सिद्ध होतात : मूढ आणि मुग्ध. धातू एक, प्रत्ययही एक. तरीही भाषेने पुढे दोघांना वेगवेगळ्या वाटांनी पाठविले. एकाला बुद्धिहीन म्हटले, दुसऱ्याला निरागस आणि मोहक म्हटले. आज आपण 'मूढ बालिका' म्हणत नाही आणि 'मुग्ध मंत्री' असेही म्हणत नाही. न उमगणे ही एकच अवस्था, पण पाहणाऱ्याच्या मनात राग असला तर ती मूढता ठरते आणि माया असली तर मुग्धता.

'बावळा' आणि त्यावरून आलेला 'बावळट' यांचे मूळ संस्कृत 'वातुल' म्हणजे वाताने ग्रस्त झालेला, प्राकृत 'वाउल', या शब्दात दाखवितात. हिंदी 'बावला' आणि बंगाली 'बाउल' हे त्याचेच आप्त. येथे एक बारकावा लक्षात घ्या. शब्दारंभीचा 'व' मराठी सहसा जपून ठेवते. हिंदीत 'बाघ', 'बिजली', 'बाँझ' होते तेथे मराठीत 'वाघ', 'वीज', 'वांझ' असते. मग 'बावळा' शब्दाच्या आरंभी 'ब' कसा? हा शब्द उत्तरेकडील भाषांतून प्रवास करीत आपल्याकडे आला असावा, असे अनुमान या एका वर्णावरून करता येते. व्युत्पत्ती म्हणजे कल्पनाविलास नव्हे. ती वर्णांच्या नियमित वर्तनाची साक्ष असते.

डोक्यात वारा भरण्याची ही कल्पना केवळ भारतीय नाही. इंग्रजी 'फूल' हा मूर्खवाचक शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून लॅटिन 'फॉलिस' या शब्दापर्यंत मागे जातो आणि 'फॉलिस' म्हणजे लोहाराचा भाता. आयरिश भाषेत मूर्ख पुरुषाला 'अमदान' आणि मूर्ख स्त्रीला 'ओन्शाख' असे दोन निराळे शब्द आहेत. मराठीने असे दोन शब्द केले नाहीत. आपण वेडा, वेडी, वेडे अशी एकाच शब्दाची लिंगानुसार रूपे केली आणि 'मूर्ख' शब्दाला तर तेवढाही बदल सोसावा लागला नाही. निदान या बाबतीत मराठीने स्त्रीपुरुषांना एकाच मापाने मोजले आहे!

२. 'पण' आणि 'पणा'

आता भाववाचक नामांकडे वळू. 'मूर्ख' या एका शब्दाला तीन प्रत्यय लागून तीन नामे होतात आणि तिन्हींची लिंगे भिन्न आहेत. तो मूर्खपणा, ती मूर्खता, ते मूर्खत्व. यांपैकी 'ता' आणि 'त्व' हे तत्सम प्रत्यय आहेत. 'पण' हा प्रत्यय मात्र आपल्या बोलीचा, तद्भव आहे. वैदिक भाषेतील 'त्वन' हा प्रत्यय प्राकृतात 'त्तण' आणि 'प्पण' झाला आणि मराठीत 'पण' म्हणून स्थिरावला. म्हणजे 'मूर्खत्व' आणि 'मूर्खपणा' हे एकाच घराण्याचे दोन वारस आहेत, एक सोवळ्यातला आणि दुसरा घरच्या कपड्यांतला.

'पणा' लागताना आकारान्त विशेषणाचे रूप बदलते : वेडा–वेडेपणा, खुळा–खुळेपणा, भोळा–भोळेपणा. व्यंजनान्त उच्चाराच्या शब्दांत असा बदल होत नाही : मूर्खपणा, बावळटपणा, गाढवपणा. 'शहाणा' हा शब्द मात्र या नियमाला अपवाद आहे. तेथे 'शहाणेपणा' रूढ न होता 'शहाणपण' आणि 'शहाणपणा' अशी रूपे रूढ झाली.

ही दोन्ही रूपे शेजारी ठेवून पाहा. 'पोराला शहाणपण आले' या वाक्यात समाधान आहे. 'उगाच शहाणपणा करू नकोस' या वाक्यात दटावणी आहे. म्हणजे नपुंसकलिंगी 'पण' आणि पुल्लिंगी 'पणा' यांत केवळ लिंगाचा भेद नाही. 'पण' बहुधा अवस्था सांगतो : बालपण, म्हातारपण, आजारपण. 'पणा' बहुधा वागण्यातून दिसणारा गुण किंवा अवगुण सांगतो : उद्धटपणा, चोखंदळपणा, प्रामाणिकपणा, आगाऊपणा. 'मोठेपण' काहींच्या वाट्याला येते, 'मोठेपणा' मात्र मिरवायचाही असू शकतो आणि मनाचाही असू शकतो. हा नियम काटेकोर नाही. 'एकटेपण' आणि 'एकटेपणा' आपण जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. तथापि कल स्पष्ट आहे.

हा कल तपासण्याची एक सोपी कसोटी आहे. शब्दापुढे 'करणे' हे क्रियापद ठेवून पाहावे. 'म्हातारपण करणे' असे कोणी म्हणत नाही. 'बाळंतपण करणे' म्हणतात, पण तेथे अर्थ बदलतो आणि दुसऱ्याने केलेली सेवा असा होतो. याउलट 'मूर्खपणा करणे', 'वेडेपणा करणे', 'गाढवपणा करणे' हे प्रयोग अगदी स्वाभाविक आहेत. जे केले जाते ते टाळता येते, थांबविता येते आणि उद्या न करण्याचे ठरविताही येते. 'तू काल मूर्खपणा केलास' या वाक्यातील क्रियापदच दोषाला काळाचे कुंपण घालते. दोष कालचा आहे, आज तू मोकळा आहेस.

समर्थ रामदासांच्या दासबोधातही हीच दृष्टी आहे. दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात त्यांनी मूर्खाची लक्षणे दिली आणि त्याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्खाची. ही लक्षणे वाचली तर ध्यानात येते की ती बहुतांशी कृती आहेत : कोण कसे बोलतो, कसे खर्च करतो, कोणाशी कसे वागतो. ती ऐकून मूर्खाच्या अंगीही शहाणपण यावे, हा ती सांगण्याचा हेतू. 'पढतमूर्ख' हा समास तर आपणा विद्यापीठीय मंडळींसाठी विशेष मननीय आहे. पुष्कळ पढूनही माणूस मूर्खपणा करू शकतो, म्हणजे मूर्खपणाचा संबंध पाठांतराशी नाही आणि गुणपत्रिकेशीही नाही. मराठीचा 'दीडशहाणा' हा शब्द नेमके हेच सांगतो. शहाणपण एकाहून जास्त झाले की ते वजा होऊ लागते, असे गणित या एका शब्दात आहे.

३. 'ढ' ची प्रचलित कथा

आता मुख्य शब्दाकडे येऊ. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला मराठी शाळेत 'ढ' म्हणतात. का म्हणतात, याची कथा आपणही ऐकली असेल. ब्राह्मी लिपीतील सगळी अक्षरे काळाच्या ओघात बदलली, पण 'ढ' होते तसेच राहिले, म्हणून ज्याच्यात काहीच फरक पडत नाही तो 'ढ'. कथा आटोपशीर आहे आणि तिला विद्वत्तेचा वासही आहे. म्हणूनच ती तपासली पाहिजे.

कथेतील एक गोष्ट खरी आहे. अशोककालीन ब्राह्मीतील 'ढ' आणि आजच्या देवनागरीतील 'ढ' यांत विलक्षण साम्य आहे. शिरोरेषा आणि तिला जोडणारी छोटी रेघ काढून टाकली की खाली उरतो तो आकार दोन हजार दोनशे वर्षांपूर्वीच्या दगडावर शोभेल. ती लिपी पाहण्यासाठी आपणांस फार दूर जावयास नको. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गणल्या जाणाऱ्या सोपारा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे.

परंतु साम्य असणे वेगळे आणि त्या साम्यातून शब्द जन्मणे वेगळे. या कथेला माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप आकाराचा. 'ढ' हे एकटेच अक्षर बदलले नाही, असे नाही. ब्राह्मीतील 'ट' हा अर्धवर्तुळाकार होता आणि आजही त्याचे अंग तेच आहे. ब्राह्मीतील 'ठ' हे वर्तुळ होते आणि आजच्या 'ठ' मध्ये ते वर्तुळ जसेच्या तसे आहे. एकाच वर्गातील शेजारी अक्षरे इतकीच स्थिर असताना एकट्या 'ढ' च्याच माथी हा कलंक का यावा, याचे उत्तर या कथेत नाही.

दुसरा आक्षेप काळाचा. अशोककालीन ब्राह्मी वाचण्याचे ज्ञान मध्यंतरी लोपले होते. जेम्स प्रिन्सेप याने १८३७ च्या सुमारास ती लिपी पुन्हा उलगडली. त्यापूर्वीच्या पंतोजीला ब्राह्मी 'ढ' आणि आपला 'ढ' यांची तुलना करणे शक्यच नव्हते. शब्द त्याआधीचा असेल तर कथा आपोआप बाद होते. तो नंतरचा असेल, तर पुरालिपीचा अभ्यास केलेल्या एखाद्या पंडिताचा विनोद गावोगावच्या शाळांत, पाटीवर धुळाक्षरे गिरविणाऱ्या पोरांच्या तोंडी पोहोचला, असे मानावे लागते. शिव्या आणि टोपणनावे सहसा असा प्रवास करीत नाहीत. ती पोरांत जन्मतात आणि पंडित मागाहून त्यांना अर्थ चिकटवितात.

तिसरा आक्षेप भाषेच्या सवयीचा. एखाद्या शब्दाऐवजी त्याचे आद्याक्षर वापरण्याची रीत मराठीत जुनी आहे. गर्विष्ठ माणसाला 'ग ची बाधा' झाली असे आपण म्हणतो. शिवराळ माणसाच्या तोंडी 'भ ची बाराखडी' असते. येथे 'ग' किंवा 'भ' यांच्या प्राचीन आकाराचा शोध कोणी घेत नाही. मग 'ढ' साठी तरी तो का घ्यावा? मराठीत 'ढ' ने आरंभ होणारे शब्द आठवून पाहा : ढोर, ढेकूळ, ढब्बू, ढिम्म, ढिला, ढोबळ. जड, सुस्त, न हलणारे, असा एक अर्थरंग या ध्वनीभोवती मराठी कानाला जाणवतो. संस्कृतात 'ढ' ने सुरू होणारे शब्द अगदी मोजके आहेत. आपल्याकडचे असे बहुतेक शब्द देशी वळणाचे, रोजच्या बोलण्यातले आहेत. या शब्दांच्या आद्याक्षरातूनच 'ढ' हे विशेषण निपजले असावे, हे मला कितीतरी अधिक संभवनीय वाटते.

जाता जाता एक विसंगती नोंदवितो. 'ढ' हा घोष, महाप्राण आणि मूर्धन्य वर्ण आहे. 'मूर्धन्य' शब्द 'मूर्धा' म्हणजे मस्तक यावरून आला आणि मराठीत 'मूर्धन्य साहित्यिक' म्हणजे अग्रगण्य साहित्यिक. मस्तकाशी नाते सांगणारा वर्ण आपण बुद्धिहीनाला बहाल केला आहे.

४. व्याकरण काय सांगते?

'ढ' हे अविकारी विशेषण आहे. ढ मुलगा, ढ मुलगी, ढ मुलाला, ढ मुलांनी. लिंग, वचन, विभक्ती, काहीही बदलो, शब्द जागचा हलत नाही. 'पाहा, व्याकरणातही तो बदलत नाही,' असे कोणी गमतीने म्हणेल. त्याला उत्तर सोपे आहे. 'हुशार' हेही अविकारी विशेषणच आहे! शब्दाचे न बदलणे हा त्याच्या अन्त्य वर्णाचा गुण आहे, त्याने वर्णिलेल्या माणसाचा नव्हे.

खरा भेद क्रियापदात आहे. मूर्खपणा 'केला' जातो, पण ढ 'असतो'. 'ढपणा केलास' असे शिक्षक म्हणत नाहीत, 'तू ढ आहेस' असे म्हणतात. पहिल्या रचनेत कृती आहे आणि तिला काळ आहे. दुसऱ्या रचनेत केवळ ओळख आहे आणि तिला शेवट नाही. म्हणून 'मूर्खपणा करू नकोस' हे वाक्य कठोर असले तरी त्यात सुधारण्याला जागा आहे. 'ढ' या शब्दात ती जागा नाही आणि न बदलणाऱ्या अक्षराची कथा तर ती जागा जाणूनबुजून बुजवून टाकते.

नौपाड्यातील संपर्कसत्रांना येणारे विद्यार्थी पाहिले की या भेदाचे मोल कळते. कोणी दिवसभर दुकान सांभाळून येतात, कोणी डोंबिवलीहून गर्दीची लोकल पकडून येतात, कोणी मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर स्वतःचे पुस्तक उघडतात. हिशेब, माणसे, वेळ, आजारपणे हे सारे ते लीलया हाताळतात. तरीही प्रवेशाच्या वेळी त्यांच्यापैकी अनेक जण एक वाक्य हळूच उच्चारतात : 'मी शाळेत ढ होतो', 'मी ढ होते'. तीस-तीस वर्षे लोटली तरी तो शब्द त्यांच्यासोबत चालत असतो. शाळा सुटली, पाटी फुटली, शिक्का राहिला.

५. शब्द बदलतात का?

यावर काही शिक्षक म्हणतील की 'ढ' हा गमतीचा शब्द आहे, त्याचा एवढा बाऊ कशाला? शिवाय शब्द असे ठरवून बदलता येतात का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या ठाण्यातच आहे. येथील मनोरुग्णालय १९०१ मधले. त्याच्यामुळे 'याला आता ठाण्याला पाठवावे लागेल' हा विनोद एके काळी मराठी घराघरांत रूढ होता. एका शहराचे नाव वेडाचा पर्याय झाले होते. 'वेडा' शब्दाने तेव्हा आजारी माणसालाही हिणविले जाई आणि आचरट माणसालाही. पुढे शासनाची आणि वैद्यकाची भाषा बदलली. १९१२ चा कायदा वेडेपणाच्या नावाने होता, १९८७ चा कायदा मानसिक आरोग्याच्या नावाने झाला आणि २०१७ चा कायदा मानसिक आरोग्यसेवेच्या नावाने. 'वेड्यांचे इस्पितळ' जाऊन 'मनोरुग्णालय' आले. 'वेडा' शब्द मात्र नष्ट झाला नाही. तो 'नाटकवेडा', 'पुस्तकवेडा' अशा शब्दांत अधिक आनंदाने नांदतो आहे. समाजाने एक जागा त्याच्यासाठी बंद केली, दुसरी मोकळी ठेवली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, गंमत दोघांची असते तेव्हाच ती गंमत. वर्गात 'ढ' म्हणणारा हसतो, ऐकणारा हसत नाही. कोशातून हा शब्द काढावा, असे मी म्हणत नाही. कोशाचे काम नोंद करण्याचे आहे. आपण ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडा. अपशब्दही तेथे मानाने बसलेले आढळतील आणि ते तसेच असावेत. परंतु कोशात शब्द असणे आणि शिक्षकाच्या तोंडी तो असणे यांत अंतर आहे. आपणांपैकी जे पुढे शिक्षक होतील, किंवा आई-वडील म्हणून आजच घरी शिक्षक आहेत, त्यांनी हे अंतर राखावे, एवढाच माझा आग्रह आहे. मुलाने चूक केली तर चुकीला नाव द्या, मुलाला नको. मराठीने त्यासाठी 'पणा' हा उत्तम प्रत्यय शेकडो वर्षे घासूनपुसून ठेवला आहे.

आणि स्वतःविषयी बोलताना, मित्रहो, 'मी ढ होतो' या वाक्याऐवजी 'मला तेव्हा शिकविले गेले नाही', किंवा खरेच तसे असेल तर 'मी तेव्हा अभ्यास केला नाही', असे वाक्य वापरून पाहा. दोन्ही वाक्यांत क्रियापद आहे आणि त्याला काळ आहे. तो काळ भूतकाळ आहे.

स्वाध्याय

१. वेडा, साधा, हुशार, शहाणा, अडाणी या विशेषणांची 'पण' आणि 'पणा' लागून होणारी रूपे लिहा. कोणती रूपे रूढ आहेत आणि कोणती नाहीत, ते सांगा.

२. 'करणे' ही कसोटी लावून दहा भाववाचक नामांचे वर्गीकरण करा. कसोटीला न जुमानणारी दोन उदाहरणे शोधा.

३. 'नौपाडा' या नावात 'नऊ पाडे' आहेत की 'नवा पाडा', असा वाद कोणी घातला, तर निर्णयासाठी आपण कोणत्या प्रकारचे पुरावे मागाल? आकार, काळ आणि भाषेची सवय या तीन आक्षेपांच्या धर्तीवर उत्तर लिहा.

४. आपल्या बोलीत मूर्खपणासाठी वापरला जाणारा, या लेखात न आलेला एक शब्द घ्या. तो विकारी आहे की अविकारी, आणि तो कृतीला लावला जातो की माणसाला, हे वाक्यांसह स्पष्ट करा.